लाकडी फ्लोअर आणि आईची बादली

भावा, तू विचारलंयस की ऑक्टोबरात सांगलीहून टोरंटोकडं येतोय, बायको आणि आई बरोबर आहेत, भाड्याच्या घरात सगळीकडं हार्डवूड आहे, रोज फरशी पुसायची सवय, मग फळ्यांच्या फटीतनं पाणी खाली गेलं तर काय होतं. काय होतं ते मी बघितलंय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आमची आई पहिल्यांदा आली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मी ऑफिसला गेलो आणि तिनं शहाबादी फरशी धुवावी तसं किचनमधी अर्धी बादली साबणाचं पाणी ओतलं, झाडूनं घासलं आणि मग मोरी शोधायला लागली. इथं मोरी नसतेच, किचनला पण नाही. पण पाणी आपोआप गायब झालं! संध्याकाळी मला म्हणते, बघ कसं लगेच वाळलं. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीच्या छताला पोळपाटाएवढा पिवळा डाग. कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतात ना, ते असं.

फळ्यांच्या खाली प्लायवूड असतं, पाणी जातं ते तिथं जाऊन बसतं. वरनं फ्लोअर कोरडं दिसतं आणि फळी खालच्या बाजूनं ओल पित राहते, त्यामुळं खालची बाजू जास्त फुगते आणि कडा वर येतात. कपिंग म्हणतात याला. चार दिवसांनी अनवाणी चाललो तर प्रत्येक फळीची कड तळपायाला लागत होती, उलट्या कौलावरनं चालल्यासारखं. पावसाळ्यात आपल्याकडं दार फुगून चौकटीत बसत नाही, तेच लाकूड आणि तीच गोष्ट, फक्त इथं ती पायाखाली.

आणि तू नेमका फटी उघडायच्या दिवसात येतोयस. थंडी पडली की हीटिंग सुरू होतं, घरातली हवा कोरडी पडते, फळ्या आकसतात, जानेवारीत तर काही फटीत नाणं उभं शिरतं. बघून घाबरू नको आणि उत्साहानं पुट्टी पण भरू नको, उन्हाळ्यात फळ्या परत फुगल्या की ती दाबून बाहेर येते. ह्युमिडिटी साधारण ३५ ते ५० टक्क्यांत राहिली की निम्मं काम झालं, मोजायचं छोटं मीटर स्वस्तात मिळतं.

पाणी सांडलंच तर पहिला दिवस महत्त्वाचा. गळती असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद (घरात शिरल्या दिवशीच मेन व्हॉल्व्ह कुठाय ते बघून ठेव, आम्ही तो पाणी वाहत असताना शोधत होतो, दुसऱ्या वेळी, वॉशिंग मशिनचा पाइप फुटला तेव्हा), मग टॉवेल, मग वेट व्हॅक (पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर) घेऊन फटीवरनं सावकाश फिरवायचा, आतलं पाणी बऱ्यापैकी ओढून निघतं. मग पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र), दोन दिवस नाही, काही आठवडे. २४ ते ४८ तासांत ओल वाळली नाही तर बुरशी धरायला लागते, म्हणून उद्या बघू म्हणायचं नाही.

पण दुरुस्तीची घाई अजिबात करायची नाही, इथंच लोक फसतात. एक कॉन्ट्रॅक्टर मला म्हणाला लगेच घासून सपाट करून देतो. ओल्या फळीच्या वर आलेल्या कडा घासल्या तर वाळल्यावर मधी टेकाड राहतं, मग जन्मभर तेच. आमच्या गावभागातल्या घरात २०१९च्या पुरानंतर दिवाळीला घाईनं भिंती रंगवल्या आणि संक्रांतीला पोपडे पडले, ते आठवलं म्हणून त्याला नको म्हणालो. लाकडातली ओल मोजायच्या मीटरनं मोजत बसलो, वसंतापर्यंत फळ्या बऱ्याचशा आपोआप बसल्या. लॅमिनेट असेल तर मात्र ही आशा सोड, त्याच्या कडा एकदा फुगल्या की फुगल्याच.

भाड्याचं घर आहे, त्यामुळं सामान लावायच्या आधी फ्लोअरचा व्हिडिओ काढ, खिडकीखालचे आणि सिंकसमोरचे जुने डाग पण, आणि काही झालं तर मालकाला त्याच दिवशी मेल, नुसता फोन नको. टेनंट इन्शुरन्स (भाडेकरूचा विमा) घे, पण वाचून घे, अचानक पाइप फुटला तर पैसे बऱ्याचदा मिळतात, महिनोन् महिने झिरपत होतं म्हटलं की बहुतेक कंपन्या हात वर करतात.

रोजचं पुसणं सोपंय, मायक्रोफायबर घट्ट पिळून, पाठीमागं ओला पट्टा दिसला तर पाणी जास्त झालं समज. स्टीम मॉप नको. बर्फाचे बूट दारातल्या ट्रेमधीच. आणि आईला पहिल्या दिवशी बाथरूम दाखव, टबाच्या बाहेर फरशीला बहुतेक घरात जाळी नसते, त्यामुळं बादली-तांब्याची आंघोळ टबात बसून आणि पडदा टबाच्या आत घेऊनच. तांब्या आणा, लांब दांड्याचा वायपर बॅगेत कोंबू नका, आमच्याकडं अजून तसाच पडलाय.