कृषी सल्ला : सेन्सरच्या वेब पानावर २७०० दिसते, मग पाणी द्यायचे की नाही?

प्रश्न : ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर वेब सर्व्हरचा, म्हणजे ब्राउझरला माहितीचे पान देणारा, नमुना प्रोग्राम टाकला आणि जमिनीतील ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर जोडला. मोबाइलवर पान उघडते. पाणी देण्याआधी २७०० दिसत होते, दिल्यावर १५०० झाले. हे उलटे कसे? शेजारच्या डीएचटी२२ या तापमान-आर्द्रता सेन्सरच्या तापमानाऐवजी मधूनच 'नॅन' येते. याच पानावर मोटारीचे बटण घेतले तर चालेल का? आणि बोर्ड शेतात ठेवून घरी बसून पाहता येईल का?

उत्तर : आकडा उलटा नाही. पानावर दिसतो तो ओलावा नसून सेन्सरच्या तारेवरचा व्होल्टेज आहे, बोर्डाने ० ते ४०९५ या पट्टीवर मोजलेला. कपॅसिटिव्ह सेन्सरभोवतीची माती ओली झाली की हा व्होल्टेज उतरतो. म्हणून २७०० म्हणजे कोरडे आणि १५०० म्हणजे ओले. बऱ्याच नमुना प्रोग्रामांत या आकड्याचे थेट टक्के करून दाखवतात. त्यातले कोरडे-ओले आकडे लिहिणाऱ्याच्या सेन्सरचे असतात, बहुधा हवेत धरून आणि पाण्याच्या पेल्यात बुडवून घेतलेले. तुमच्या काळ्या किंवा मुरमाड जमिनीशी त्यांचा संबंध नाही. ती ओळ खोडा आणि आपले आकडे आपल्याच रानात काढा.

ते असे काढा. सेन्सर पिकाच्या कार्यक्षम मुळांच्या खोलीवर बसवा. पाते मातीला घट्ट चिकटले पाहिजे, बाजूला पोकळी राहिली तर सेन्सर हवा मोजत बसतो. वरच्या टोकाचे इलेक्ट्रॉनिक भाग मात्र मातीत जाऊ देऊ नका, त्यावर पाणी न शिरणारे आवरण द्या. मग भरपूर पाणी द्या आणि वाफशाची वाट पाहा. हलक्या जमिनीत साधारण एक दिवस लागतो, भारीत दोन-तीन. सेन्सरच्या खोलीवरची माती मुठीत घेऊन दाबा. गोळा होतो, तळहात ओलसर लागतो, पण बोटांतून पाणी निघत नाही आणि गोळा पडला की फुटतो, तो वाफसा. त्या क्षणी पानावरचा आकडा वहीत लिहा. पुढे रोज सकाळी त्याच वेळी आकडा आणि मुठीतली माती दोन्ही पाहत चला. गोळा होईनासा झाला, माती भुरभुरू लागली की तो तुमचा कोरडा आकडा. पीक सुकेपर्यंत थांबू नका.

समजा वाफशाला १६०० आणि कोरड्याला ३००० आले. आज २३०० असेल तर ३००० मधून २३०० वजा करा, उरले ७००. त्याला दोन टोकांमधल्या १४०० ने भागले की ५० टक्के. हे मातीतल्या पाण्याचे टक्के नव्हेत, वाफसा आणि कोरड यांच्यामध्ये जमीन कुठे उभी आहे याची ती खूण आहे. सेन्सरचा उतार सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे मधला आकडा अंदाजाचाच धरा. अनेक पिकांत उपलब्ध पाण्यापैकी सुमारे निम्मे संपले की पाण्याची पाळी द्यावी लागते, उथळ मुळांच्या भाजीपाल्यात त्याआधीच. सेन्सर बदलला किंवा जागा बदलली की हे सारे पुन्हा करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण याशिवाय पानावरच्या आकड्यावर पाणी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायफाय जोडताच ओलाव्याचा आकडा अडकला किंवा भलताच आला, तर सेन्सरची तार कोणत्या पिनवर आहे ते पाहा. ईएसपी३२ मध्ये वायफाय चालू असताना दुसरा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दोन भागांपैकी दुसरा) वापरता येत नाही. तार ३२ ते ३९ यांपैकी बोर्डावर बाहेर काढलेल्या पिनवर घ्या.

'नॅन' म्हणजे सेन्सरकडून नीट उत्तर आले नाही. लांब तार, सैल जोड किंवा पुल-अप रोधक (सेन्सरची तार वीजपुरवठ्याशी जोडून स्थिर ठेवणारा) नसणे ही नेहमीची कारणे. डीएचटी२२ दोन सेकंदांतून एकदाच नवे माप देतो, आणि नमुना प्रोग्राम मात्र कोणी पान मागितले की त्या वेळी सेन्सर वाचतो. हे बदला. सेन्सर ठरावीक अंतराने मुख्य लूपमध्ये (प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या भागात) वाचा, शेवटचे चांगले माप जपून ठेवा आणि पानावर ते किती मिनिटांपूर्वीचे आहे हेही छापा. जुना आकडा ताजा समजून पाळी चुकते, म्हणून ही एक ओळ महत्त्वाची. लूपमध्ये लांबलचक 'डिले' (थांबण्याचा आदेश) नको, तेवढा वेळ सर्व्हर कोणालाच उत्तर देत नाही.

आता मोटार. नमुन्यातले बटण बहुतेक साध्या दुव्याचे असते : पत्ता उघडला की रिले (विजेने चालणारा स्विच) चालू. एलईडीसाठी ते ठीक आहे. पण मोबाइलचा ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला तर तो शेवटचा पत्ता स्वतःच परत मागू शकतो, आणि कोणी बटण न दाबता मोटार सुरू होते. विहिरीत कोणी उतरले असेल, कोणी स्टार्टरपाशी काम करत असेल, याचा विचार करा. चालू-बंदचा आदेश 'पोस्ट' पद्धतीने (नुसता पत्ता उघडून नव्हे, फॉर्म पाठवून) घ्या आणि त्याला पासवर्ड लावा. बऱ्याच नमुन्यांत बोर्ड सुरुवातीलाच वायफायची वाट पाहत अडून राहतो. वीज आली आणि राउटर बंद असला तर पुढचे काहीच चालत नाही, मोटार थांबवण्याचा नियमसुद्धा. म्हणून जास्तीत जास्त किती मिनिटे चालायचे हे प्रोग्रामात तर घालाच, शिवाय स्टार्टरवर स्वतंत्र टायमर आणि ड्राय-रन संरक्षण (पाणी नसताना मोटार बंद करणारे) ठेवा. छोट्या रिलेवरून मोटार थेट चालवू नका. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटारीचा भार पेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवावी, आणि ही जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. हे सगळे होईपर्यंत पान फक्त पाहण्यापुरते ठेवा.

घरून पाहण्याबद्दल : बोर्डावरचा सर्व्हर त्याच वायफायमध्ये दिसतो. बोर्डाने स्वतःचे वायफाय तयार केले असेल तर पत्ता सहसा १९२.१६८.४.१ असतो आणि तो वायफायच्या टप्प्यातच उघडतो. सिमकार्डाच्या राउटरमागे असलेल्या बोर्डापर्यंत बाहेरून बहुधा पोहोचताच येत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून वाट काढू नका, असा साधा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवण्याजोगा नसतो. त्यापेक्षा दर पंधरा मिनिटांनी बोर्डानेच एमक्यूटीटीने (इंटरनेटवरून छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीने) माप बाहेर पाठवावे आणि तुम्ही ते घरी पाहावे.

पुढची पाळी दिल्यावर वाफशाचा आणि कोरडा असे दोन्ही आकडे, सेन्सरची खोली आणि पीक कळवा. पाळी कोणत्या आकड्यावर द्यायची ते त्यावरून ठरवू.