बिझेनची भांडी, हिनासेची कालवं

प्रश्न : जानेवारीत ओसाकाहून हिरोशिमाला जाणार आहोत. मध्ये एक दिवस मोकळा आहे. जपानी मातीची भांडी जिथे घडतात तिथेच बघायची आहेत आणि तिथलं खास काही खायचंही आहे. कुठे उतरावं? आणलेलं भांडं आपल्या जेवणात चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ओकायामाला उतरा. तिथून अको मार्गाच्या लोकलने साधारण ४० मिनिटांवर इंबे, बिझेन भांड्यांचं गाव. त्यापुढे चौथं स्टेशन हिनासे, कालवांचं बंदर. गाड्या तासाला जेमतेम एक, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. पहिल्यांदा थेट हिनासे गाठा, म्हणजे जड पिशव्या घेऊन फिरावं लागणार नाही आणि कालवंही जेवणाच्या वेळी मिळतील. संध्याकाळी तिथली बरीच दुकानं बंद होतात.

तिथे ‘काकिओको’ मागा. पीठ आणि चिरलेल्या कोबीच्या जाड धिरड्यावर कालवांचा ढीग, सगळं तापलेल्या लोखंडी पाट्यावर. जानेवारीत कालवं चांगली भरलेली असतात. पहिला घास सॉस न लावता खा, नाहीतर कालवांची गोडी कळतच नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र जपून: नुसती कालवं काढून भागत नाही, पिठात बहुधा माशाचं पाणी असतं आणि वर माशाचा कीसही भुरभुरतात.

आता भांडी. बिझेनला झिलई नसते. भातखाचरांखालची ही माती बारीक, लोहयुक्त आणि भाजताना खूप आकसणारी. घाईने तापवली तर तडकते. म्हणून लाकडाची भट्टी दहा-बारा दिवस हळूहळू चढवत नेतात. रंग त्या आगीतूनच येतात. पाइनची राख उडून बसली आणि वितळली की तिळासारखे पिवळट ठिपके उमटतात. भाताचा पेंढा गुंडाळला असेल, तर त्यातला क्षार मातीतल्या लोहाशी मिळून लाल रेघा उमटवतो. या रेघांचं भांडं फिकट आणि देखणं दिसतं, पण डाग त्यावरच जास्त उठून दिसतात. रोजच्या वापराला गडद तपकिरी घ्या.

घेताना बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं. बद्द आवाज आला तर चीर गेलेली असू शकते. बूड तळहातावर फिरवून बघा. खरखरीत असेल तर टेबलावर ओरखडे पडतील. बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या.

आपल्या जेवणात अडचण येते ती तेल आणि हळदीची. कोरड्या भांड्यात रस्सा वाढला की दोन्ही आत मुरतात आणि मग निघत नाहीत. म्हणून दर वेळी वाढण्याआधी भांडं काही मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, पुसा, मग वाढा. गॅसवर ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्येही नको. थंडगार कपात उकळता चहा ओतू नका, आधी कोमट पाण्याने खंगाळून घ्या. धुतल्यावर दोन-तीन दिवस उघड्यावर वाळू द्या. दमट असतानाच खोक्यात भरलं की बुरशी धरते, आणि आपल्या पावसाळ्यात तर हमखास.