वाचकांचे प्रश्न: मालक बदलला, आता आमचं काय?

प्रश्न (चेंबूर): मुलगा एका सरकारी कंपनीत १४ वर्षं कायम कामगार आहे. सरकार आपला हिस्सा खासगी उद्योगाला विकणार अशी बातमी आहे. आता सेवा शून्यापासून मोजणार, असं कॅन्टीनमध्ये बोललं जातंय. खरं आहे का?

उत्तर: नाही. पण विकलं काय जातंय ते आधी पाहा. शेअर विकले, तर कंपनी तीच राहते. नेमणूकपत्र, १४ वर्षं, युनियनचा करार, कशालाच धक्का लागत नाही. ग्रॅच्युइटीही तशीच: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२,००० असेल, तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले १४, म्हणजे ४ लाख २० हजार.

कारखाना किंवा एखादा विभागच उचलून दुसऱ्या कंपनीला दिला, तर मात्र सावध व्हा. तेव्हा सेवा सलग राहिली पाहिजे, अटी आधीपेक्षा वाईट नकोत आणि उद्या कपात झाली तर मागची वर्षं धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील हवा. यातलं एक जरी राहिलं, तर सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मागता येते.

खरं जातं ते वेगळंच. सरकारी कंपनीविरुद्ध बढती-बदलीसाठी थेट हायकोर्टात रिट याचिका करता येते, खासगी कंपनीविरुद्ध नाही. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. कर्मचाऱ्यांच्या रिट त्याआधीच दाखल होत्या, तरी त्या आता चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये सांगितलं. तेव्हा जुनी तक्रार पडून असेल तर आत्ताच तडीस न्या. दुसरं, ‘कपात नाही’ हे आश्वासन किती दिवसांचं ते करारात वाचा. एअर इंडियात ते एक वर्षाचं होतं. दुसऱ्या वर्षी कर्मचारी कमी करायचे असतील तर स्वेच्छानिवृत्ती द्यावी, इतकंच बंधन.

विक्री थांबवता येईल का, हाही प्रश्न येतोच. बाल्को या सरकारी अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या विक्रीच्या खटल्यात डिसेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा धोरणाचा भाग आहे, कामगारांना नकाराधिकार नाही. तुमच्या शेजारच्या माहुलच्या रिफायनरीची गोष्ट निराळी. ती चालवणारी बर्मा शेल १९७६ च्या कायद्याने सरकारने घेतली आणि तिची भारत पेट्रोलियम झाली, म्हणून संसदेत गेल्याशिवाय ती विकता येणार नाही, असा निकाल २००३ मध्ये आला. तो कायदाच २०१६ मध्ये रद्द झाला, तेव्हा फारसं कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे २०१९ मध्ये विक्रीचा निर्णय झाला आणि २०२२ मध्ये गिऱ्हाइकाअभावी बारगळला.

प्रश्न (कुर्ला): आमचा तांब्या-पितळेच्या नळ्यांचा कारखाना दिवाळखोरीत गेलाय. आम्ही ३०० जण मिळून तो चालवायला घेऊ शकतो का? कमानी ट्यूब्ज कामगारांनी घेतलीच होती ना?

उत्तर: घेतली होती, तुमच्याच कुर्ल्यात. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कामगारांच्या सहकारी संस्थेची योजना मान्य केली. पण तेव्हा आजारी उद्योगांसाठी बीआयएफआर हे सरकारी मंडळ होतं. आता सगळं एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात चालतं आणि निर्णय धनकोंच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या, समितीत ६६ टक्के मतांनी होतो. तिथे मत बँकांचं. कामगार आणि माल पुरवणारे यांची मिळून थकबाकी एकूण कर्जाच्या १० टक्के असेल, तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं, मत तेव्हाही नाही.

आधी थकलेल्या पगाराचा दावा फॉर्म डी मध्ये भरा. सर्वांच्या वतीने एकच प्रतिनिधी भरणार असेल तर फॉर्म ई. जाहीर नोटिशीतली तारीख चुकवू नका. मग बोलीचं बघा. समिती बोली लावणाऱ्याची किमान मालमत्ता ठरवते, वर हमी रक्कम मागते. कामगारांची संस्था बहुधा याच दारात अडते. म्हणून पैसेवाला भागीदार आधी शोधा आणि संस्थेचा हिस्सा किती, संचालक किती, हे त्याच्याशी लेखी ठरवा.

समजा, कारखाना मिळाला. आता हिशेब मांडा. महिन्याला ६० टन तांबं, किलोला १,००० रुपये धरले तरी ६ कोटी. व्यापारी नव्या संस्थेला उधार देत नाही, माल तयार व्हायला महिना, गिऱ्हाईक पैसे देणार ६० दिवसांनी. म्हणजे तीन महिन्यांचं तांबं, १८ कोटी, कायम अडकलेलं. प्रत्येकाने लाख रुपये घातले तरी जमतात ३ कोटी. कारागिरी उत्तम असूनही असे कारखाने इथेच बसतात. मग दोष एकमेकांवर जातो आणि युनियनमध्ये दोन गट पडतात.

वाट आहे ती जॉब वर्कची. तांबं गिऱ्हाइकाचं, तुम्ही फक्त घडणावळ घ्यायची. नफा कमी, पण १८ कोटी लागत नाहीत. यात भांडण होतं ते वजनावरून. आलेला गोळा, गेलेली नळी, कापलेली टोकं आणि खाली पडलेला कीस, चारही रोज त्याच काट्यावर तोला आणि घट किती टक्के धरायची ते करारात लिहा. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मात्र सगळे ओतू नका. कारखाना विक्रीला निघाला तरी ते पैसे धनकोंच्या वाटणीत जात नाहीत. तुम्ही भागभांडवल म्हणून घातलेत की हे संरक्षण संपलं.

प्रश्न (परळ): बेस्टचं खासगीकरण झालंय की नाही? मी भाडेतत्त्वावरच्या बसवर ड्रायव्हर आहे.

उत्तर: अर्धंमुर्धं. आगार बेस्टचं, तिकिटाचा पैसा बेस्टचा. गाडी, ड्रायव्हर आणि दुरुस्ती कंत्राटदाराची. त्याला पैसे किलोमीटरवर मिळतात, म्हणून गाडी रिकामी धावली तर खोट बेस्टची. आणि दर बोलीत एकदा ठरला की त्याला काटकसर करायला उरतं काय? पगार आणि देखभाल. ऑगस्ट २०२३ च्या संपात हेच दिसलं: प्रवासी बेस्टवर चिडले, मागण्या होत्या कंत्राटदाराकडे.

पगार थकला तर कायद्याप्रमाणे मूळ मालकाने, म्हणजे इथे बेस्टने, तो भरायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा असतो. अर्ज कंत्राटदाराला द्याच, पण एक प्रत बेस्टच्या आगारात देऊन पोच घ्या. सोबत हजेरीची नोंद, शेवटची पगारपावती आणि पीएफचा क्रमांक जोडा.