सहा वर्षं घरात चालवलेली मराठी उपासना बंद पडली

सलाम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इंग्लंडात येऊन सहा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सोफा भिंतीला सरकवायचा, चटया अंथरायच्या, नगरहून येताना बॅगेत कपडे कमी आणि गीतांची पुस्तकं जास्त भरायची, पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करायचा, भाऊंनी रात्री जागून संदेश तयार करायचा, आणि एवढं करून शेवटी ईस्टरनंतरच्या शनिवारी फक्त एक आजी आल्या आणि तुमचा स्वतःचा मुलगा वरच्या खोलीतून खालीसुद्धा उतरला नाही. तुम्ही विचारलंय, "देवासाठीच केलं ना आम्ही, मग त्याने टिकवलं का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही ताई. आणि "देवाची काहीतरी योजना असेल" हे मी आज तुम्हाला म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला आत्तापर्यंत दहा जणांनी म्हटलं असेल आणि प्रत्येक वेळी तुम्ही मान हलवून किचनमध्ये जाऊन रडला असाल. मीही आमच्या गावात मुलांसाठी मराठी संडे स्कूल तीन वर्षं चालवून बंद केलंय, तेव्हा ही योजनेची गोष्ट मला इतकी टोचायची की मी काही महिने चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून प्रार्थना संपायच्या आत निघून जायचे. आधी दुःख करून घ्या. बायबलमधलं स्तोत्र 88 काढून वाचा, अख्खं स्तोत्र देवाशी भांडण आहे आणि ते शेवटपर्यंत काळोखातच राहतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं.

आता मला जे खरंच सांगायचंय ते. दावीद राजाला देवासाठी मंदिर बांधायचं होतं, अगदी मनापासून, आणि देव त्याला नाही म्हणाला. त्याने दगड, लोखंड, गंधसरूचं लाकूड, सोनं सगळं जमवून ठेवलं आणि बांधलं मात्र त्याच्या मुलाने, शलमोनाने. आपण हे ऐकतो तेव्हा लगेच शलमोनावर उडी मारतो, बघा पुढच्या पिढीने केलं की. पण 1 राजे या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात शलमोन मंदिराच्या अर्पणाच्या दिवशी आपल्या बापाबद्दल एक गोष्ट सांगतो, की देव दावीदाला म्हणाला होता, माझ्यासाठी घर बांधायचं तुझ्या मनात आलं हे तू चांगलं केलंस. मंदिराची एक वीटही रचलेली नसताना. ते मनात असणंच देवाने चांगलं म्हणून धरलं. म्हणून मी तुम्हाला तुमचा मुलगा मोठा झाल्यावर उपासना परत सुरू करेल असं वचन देत नाही, ते मला माहीत नाही, आणि तुमच्या त्या सहा वर्षांची किंमत त्यावर ठरत पण नाही.

तुम्ही नगरच्या म्हणून अजून एक सांगते. गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरले, अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या लोकांपैकी, मराठी शिकले, रस्त्यावर देवळाबाहेर उभं राहून बोलले, शाळा काढल्या, भाषांतर केलं, आणि तेरा वर्षांत हाताला लागले ते अगदी बोटांवर मोजण्याइतके विश्वासणारे. 1826 मध्ये नाशिकहून परत येताना वाटेतच कॉलऱ्याने गेले. नगरला मिशनचं काम सुरू झालं 1831 मध्ये, म्हणजे ते गेल्यावर पाच वर्षांनी. त्यांनी ते काहीच पाहिलं नाही. मरताना त्यांना काय वाटलं असेल याचा मी खूपदा विचार करते.

प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात म्हणतो की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, पण ते वाक्य कुठे येतं बघा, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावरच्या एवढ्या मोठ्या अध्यायाच्या अगदी शेवटी. लोक किती आले यावर तो काही बोलतच नाही. ख्रिस्त उठला आहे म्हणून श्रम व्यर्थ नाहीत, एवढंच कारण देतो. आपली आशा तिथे टांगलेली आहे ताई, हजेरीवर नाही, मी हे मोठ्याने म्हणते कारण मला स्वतःला पण रोज म्हणावं लागतं.

बाकी कामाच्या गोष्टी. न आलेल्या कुटुंबांवर राग धरू नका, त्यातल्या निम्म्या जणी नर्सिंगमध्ये आहेत असं तुम्हीच लिहिलंय, शनिवारची शिफ्ट त्यांनी हौसेने घेतलेली नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक साधा थँक्यूचा मेसेज टाका, त्यात टोमणा नको, "वेळ मिळाला तर" वगैरे पण नको. भाऊंना विचारा त्यांना कसं वाटतंय, पुरुष माणूस अशा वेळी गॅरेज आवरत बसतो आणि आपण समजतो की त्यांना काही झालेलं नाही. मुलाला महिनाभर तरी या विषयावर काही म्हणू नका, फक्त जेवताना प्रार्थना मराठीत चालू ठेवा, तो मान खाली घालेल तेवढं पुरे. आणि ज्या इंग्लिश चर्चला तुम्ही सहा वर्षं पाहुण्यासारखं जाताय तिथे आता नीट मेंबर व्हा, चहाच्या ड्यूटीला नाव द्या.

पण सगळ्यात आधी त्या आजींना फोन करा. सगळ्यात जास्त त्यांचं गेलंय, महिन्यातून एकदाच त्यांच्या कानावर मराठी गीत पडत होतं. पुढच्या दुसऱ्या शनिवारी त्यांना घरी घेऊन या, सोफा हलवू नका, चहा करा आणि त्यांना कुठलं गीत हवंय ते विचारा.

तुमची,
ताई