लिस्बनच्या कागदपत्रांसाठी कर्ज काढावे का?

प्रश्न : मी गोव्यात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएचडी करते. 1947 ते 1961 या काळातील गोवा प्रश्न आणि पोर्तुगालची मुत्सद्देगिरी हा माझा विषय आहे. सीनियर रिसर्च फेलोशिपचे दरमहा 42,000 रुपये मिळतात आणि ती आणखी 20 महिने चालेल. महिन्याचा खर्च 27,000 रुपये आहे. 2.4 लाख आणि 1.8 लाख अशा दोन मुदत ठेवी आहेत, त्यांपैकी लहान ठेव सहा महिन्यांनी पूर्ण होते. लिस्बन, हेग आणि लंडन असा दहा आठवड्यांचा दौरा लगेच करायचा आहे आणि त्याला सुमारे 5 लाख रुपये लागतील. ठेवी न मोडता 3 लाखांचे वैयक्तिक कर्ज घेऊ का? बँकेने तीन वर्षांसाठी 14 टक्के दर सांगितला आहे.

उत्तर : कर्ज घेऊ नका, पण लिस्बनला अवश्य जा. तुमच्या प्रबंधासाठी हा प्रवास आवश्यक आहे असे मला मनापासून वाटते, म्हणूनच त्याचा खर्च तुमच्या पुढच्या वर्षांवर ओझे होऊन बसू नये, याची मला अधिक काळजी आहे.

आधी कर्जाचा हिशेब पाहू. 3 लाखांवर 14 टक्के दराने 36 महिन्यांचा हप्ता साधारण 10,250 रुपये येतो आणि एकूण व्याज 69,000 रुपयांच्या आसपास जाते. खरी अडचण व्याजापेक्षा वेळेची आहे. फेलोशिप 20 महिन्यांत संपेल, हप्ते मात्र त्यानंतरही 16 महिने चालू राहतील. म्हणजे प्रबंध सादर करून नोकरी शोधण्याच्या, कदाचित तासिका तत्त्वावर शिकवण्याच्या काळात घरखर्चाखेरीज दरमहा सव्वादहा हजारांची सोय करावी लागेल. शिवाय फेलोशिपची रक्कम पुष्कळदा दोन-तीन महिने उशिराने जमा होते, हप्त्याची तारीख मात्र चुकत नाही.

आता दौऱ्याकडे येऊ, कारण बचतीची सर्वांत मोठी जागा तिथेच आहे. हेगचा टप्पा कशासाठी ठेवला आहे? दादरा आणि नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेच्या हक्कावरून पोर्तुगालने 1955 मध्ये भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला आणि त्याचा अंतिम निकाल 12 एप्रिल 1960 रोजी लागला. त्या दाव्यातील दोन्ही पक्षांची लेखी निवेदने, तोंडी युक्तिवाद आणि निकालपत्रे न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेली 1961-63 च्या दक्षिण आशियाविषयक कागदपत्रेही घरबसल्या मिळतात. डिसेंबर 1961 मधील सुरक्षा परिषदेच्या चर्चेची इतिवृत्तेही तशीच उपलब्ध आहेत. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जे आहे ते तर तुमच्या दारातच आहे. एवढे वाचून झाल्याशिवाय परदेशात नेमके काय शोधायचे याची यादी पक्की होणार नाही.

लंडनचे तसे नाही. क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील सगळ्या धारिका संगणकावर वाचता येत नाहीत. पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि राहण्याचा खर्च मोठा आहे. भारतात पीएचडी करणाऱ्यांना ब्रिटनमधील अल्पकालीन संशोधनासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट अनुदान देतो. लंडन त्या अर्जासाठी राखून ठेवा आणि अनुदान मिळाले तरच जा.

राहता राहिले लिस्बन. तोर्रे दो तोंबो या पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील तत्कालीन हुकूमशहा सालाझार यांचे दप्तर आणि परराष्ट्र मंत्रालयाचे राजनैतिक अभिलेखागार यांना दुसरा पर्याय नाही, तेव्हा पैसा तिथेच खर्च व्हावा. पाच आठवड्यांचा ढोबळ अंदाज, युरो 100 रुपयांच्या आसपास धरून, असा : विमानभाडे 75,000, सामायिक निवासाचे 35 रात्रींचे 1,40,000, जेवण आणि स्थानिक प्रवास 70,000, व्हिसा आणि विमा 15,000. एकूण 3 लाख. पोर्तुगालला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे, म्हणून या शेवटच्या रकमेत काटकसर करू नका.

ही रक्कम तुमच्याकडे जवळजवळ तयार आहे. दरमहा 15,000 रुपये शिल्लक टाकल्यास आठ महिन्यांत 1.2 लाख साठतील आणि तोवर 1.8 लाखांची लहान ठेवही पूर्ण झालेली असेल, त्यामुळे ती मुदतीआधी मोडल्याचा दंडही बसणार नाही. मोठ्या ठेवीला हात लावू नका. तिच्यात जवळपास नऊ महिन्यांचा घरखर्च आहे आणि फेलोशिपचे पैसे लांबले किंवा फेलोशिप संपली तर तोच तुमचा आधार आहे. प्रवासानंतर फेलोशिपचे सुमारे 11 महिने लेखनासाठी उरतील.

या आठ महिन्यांत भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि पणजीतही कार्यालय असलेली फुंदासांव ओरिएंत या संस्थांकडे सध्या कोणती अनुदाने खुली आहेत ते पाहून अर्ज करा. अनुदान मंजूर झाले तरी पैसे अनेकदा प्रवासानंतर पावत्या सादर केल्यावरच मिळतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार उशिरा कळते आणि मग उसनवारी सुरू होते. तशी वेळ आली तर मोठ्या ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्केच जास्त असतो आणि व्याज वापरलेल्या रकमेपुरतेच लागते. बोर्डिंग पासपासून निवासाच्या बिलापर्यंत प्रत्येक कागद जपून ठेवा. परत आलेले पैसे आधी ओव्हरड्राफ्ट फेडायला वापरा आणि उरलेले पुन्हा मुदत ठेवीत टाका.

परदेशात नेहमीचे क्रेडिट कार्ड वापरल्यास अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी आकारतात, म्हणून युरो भरलेले फॉरेक्स कार्ड घ्या आणि ते दोन-तीन टप्प्यांत भरा. एवढ्या रकमेवर टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराची, चिंता नाही, कारण स्वतःच्या पैशातून परदेशी पाठवलेल्या रकमेसाठी त्याची मर्यादा वर्षाला 10 लाख रुपये आहे.

तिकीट काढण्याआधी मार्गदर्शकांची आणि विद्यापीठाची लेखी परवानगी घ्या, नाहीतर प्रवासाच्या काळातील फेलोशिपच अडकण्याची भीती असते. दोन्ही अभिलेखागारांना धारिकांचे क्रमांक कळवून त्या वाचनासाठी खुल्या आहेत का, हेही विचारून घ्या. त्यांचे उत्तर अनुदानाच्या अर्जाला जोडता येईल.