समोरच्या फलकाचं काय करायचं, मॅडम?

"मॅडम, दिवसातून चार वेळा आम्हाला त्या बाईखालून जावं लागतं."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या हे बोलल्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती. फोंड्याजवळच्या त्यांच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, तोंडाशी, बसथांब्याच्या बरोबर वर, अंतर्वस्त्रांचा मोठा फलक लागला होता. लेसचे दोन तुकडे घालून पहुडलेली तरुणी, तिच्या कमरेवर एका पुरुषाचा हात, मागे त्याचा अर्धा चेहरा आणि खाली सणानिमित्त सूट. शाळेची मुलं त्याच थांब्यावर बस पकडतात. देवळात जायची वाटही तीच.

"बाहेरचे म्हणतात, गोव्यात काय त्याचं एवढं! ह्यांना गोवा म्हणजे फक्त किनारा दिसतो. आम्ही काय तसल्या कपड्यांत मंगेशीला जातो?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "सासऱ्यांना घेऊन जाताना तिथे आलं की आम्ही दोघं उगाच पावसावर बोलायला लागतो."

मुलं असल्या जाहिराती बघून बिघडतील का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वर्षातून कितीतरी पालक विचारतात. म्हणून या आईच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

त्यांचा धाकटा आठवीत, तेरा वर्षांचा. फलक लागल्यावर आठवड्याभरात त्याने आईच्या फोनवर त्याच कंपनीचं नाव टाकून फोटो पाहिले. आईला ते दिसलं. तिने त्याच्या थोबाडीत मारली. वडील म्हणाले, "असल्या बायका बघतोस?" तेव्हापासून तो घरच्यांबरोबर जेवायला बसत नव्हता. थांब्यावरही जात नव्हता. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, मागच्या वाटेने, भर पावसात, पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचा.

इथे माझी चूक झाली. पुरतं ऐकून न घेता मी म्हणाले, "या वयात बघावंसं वाटणं स्वाभाविक आहे हो." ते खरंच आहे, पण त्या क्षणी ते बोलायचं नव्हतं. त्यांचा चेहरा मिटला. "तुमच्या दारात नाही ना तो फलक." त्यांचं बरोबर होतं. आपल्या रोजच्या वाटेवर, आपल्याला न विचारता, कुणीतरी असं काही टांगलं की माणसाला राग येतो. तो राग मागासलेला नसतो. टीव्ही बंद करता येतो, वाट बंद करता येत नाही. मी तसं म्हटलं आणि माफी मागितली, तेव्हा कुठे त्या पुढचं सांगू लागल्या.

वाड्यावर आरतीनंतर सभा झाली होती. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस तोच विषय. मग एका रात्री काही पोरांनी फलकावर शेण मारलं. सकाळी सगळे बघायला गेले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी घरात तसंच म्हटलं. बरं झालं, म्हटलं."

पुढच्या भेटीत मुलगा एकटा आत आला. बूट चिखलाने भरलेले. वीस मिनिटं काही बोलला नाही. मी त्याला फलकाबद्दल विचारलं नाही, चवथीला घरात त्याच्याकडे काय काम असतं ते विचारलं. आजोबांबरोबर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीचं, सामान गोळा करायचं, हे त्याचं काम. कुठली फळं रानात कुठे मिळतात ते त्याने नीट सांगितलं. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "शेण तिच्यावरच मारलं. तोंडावर, छातीवर. त्याच्यावर नाही मारलं. तो पण होता ना?"

मी थांबले.

"ज्यांनी मारलं त्यांनीच पहिल्या दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. घाण घाण लिहून. आई म्हणाली, बरं झालं. मी पण बघितलं होतं. म्हणजे मी पण…" वाक्य त्याने तिथेच सोडलं.

वीस वर्षं हे काम करते आहे, पण या वाक्याने मी हलले. आई विचारत होती, चित्राने पोर बिघडेल का. पोर मात्र चित्रापेक्षा कितीतरी बारकाईने आपल्या माणसांकडे बघत होतं. तीन आठवड्यांत त्याला कळलं होतं ते असं: बघावंसं वाटणं हा शेण मारण्यालायक गुन्हा आहे. दोघं मिळून काही करत असतील तर शेण बाईच्या तोंडावर पडतं. चारचौघांत चित्राला नावं ठेवायची आणि एकटं असताना त्याखाली घाण लिहायची, हे मोठ्या मुलांना चालतं. यातलं काहीच फलकावर छापलेलं नव्हतं.

त्याच्या परवानगीने मी हे आईला सांगितलं. त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांना पहिल्या दिवशी सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. थोरली बारावीत आहे. फलक लागल्यापासून तिचे बिनबाह्यांचे कुडते बंद केले होते. क्लासवरून येताना थांब्यावर उभी राहू नकोस, असं आत्याने बजावलं होतं, कारण तिथे पोरं उभी असतात आणि वर ते चित्र. फलक लावला कंपनीने, शेरे मारले पोरांनी आणि कपडे बदलावे लागले बायला, म्हणजे घरच्या लेकीला.

"हे मी असं कधी मांडून बघितलंच नाही," त्या म्हणाल्या.

मग आम्ही मुलाशी काय बोलायचं ते ठरवलं. भाषण नको, चालता चालता बोलायचं. पहिलं वाक्य आईचं, आणि ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: "तू बघितलंस म्हणून मी मारलं, ते चुकलं." त्यात "पण" नको. दुसरं काम वडिलांचं होतं. आपणही तेराव्या वर्षी बघितलं असतं, हे त्यांनी मुलाला सांगायचं. त्यांना त्याला दोन आठवडे लागले. ज्या घरात बाप-लेक सायकल आणि क्रिकेट सोडून दुसऱ्या कशावर बोललेले नाहीत, तिथे दोन आठवडे फार नव्हेत.

बाकीचं सोपं होतं. जाहिरात कशी बनते हे तेरा वर्षांच्या मुलाला ऐकायला आवडतं. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर दोन-चार सेकंदच फलकावर असते, तेवढ्यात ती पकडायची असते. म्हणून प्रकाश तासन् तास जुळवतात, त्वचा संगणकावर गुळगुळीत करतात. ती मुलगी तिथे नोकरी करते आहे, कुणाला बोलावत नाही, हेही सांगायचं. आणि एका गोष्टीवर मात्र घट्ट राहायचं: चित्र बघितलं म्हणून शिक्षा नाही, पण चालत्याबोलत्या मुलीवर शेरा मारला, तिचा फोटो पाठवला, तर माफी नाही. या दोन गोष्टींत आपण बऱ्याचदा उलटं वागतो. बघणाऱ्या पोराला मारतो आणि शेरे मारणाऱ्याला "पोरं आहेत" म्हणून सोडतो.

राहिला फलक. वडिलांना पोलिसांत जायचं होतं. मी म्हटलं, आधी दोन प्रश्न वेगळे करा: हे बेकायदेशीर आहे का, आणि हे इथे नको आहे का. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ चा आहे, आणि त्याची व्याख्या नुसत्या उघड्या अंगापुरती नाही, स्त्रीला हीन लेखणारं चित्रणही त्यात येतं. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एका नग्न छायाचित्राच्या खटल्यात स्पष्ट केलं, की नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. चित्र कशासाठी आहे, काय सांगतं आणि आजचा समाज त्याकडे कसं बघतो, हे पाहायला हवं. खटले चालतातही फार. १९९५ ची बुटांची ती जाहिरात आमच्या पिढीला आठवत असेल, दोन मॉडेल आणि अंगाभोवती अजगर. तो खटला २००९ पर्यंत चालला आणि सगळे निर्दोष सुटले. इतकी वर्षं लोकांना ते बूट आठवत राहिले ते त्या खटल्यामुळेच, असं मला वाटतं.

इथे नको, हा प्रश्न मात्र आपल्या हातातला. फलक कुठे उभा राहील याची परवानगी स्थानिक संस्था देते, तेव्हा तिच्याकडे लेखी अर्ज करता येतो. जाहिरातीतल्या मजकुराबद्दल मुंबईच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे तक्रार करता येते. जाहिरात व्यवसायानेच १९८५ मध्ये उभी केलेली ती संस्था आहे, सरकारी नाही. सामान्य ग्राहकाची तक्रार ती घेते, पैसे लागत नाहीत, आणि तक्रार पटली तर जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते.

अर्ज त्या बाईंनी स्वतः लिहिला. पहिल्या मसुद्यात संस्कृती, परंपरा, गोव्याची बदनामी असं सगळं होतं. दुसऱ्यात थांबा, शाळेच्या बसची वेळ, मुलांची वयं आणि एकच मागणी: अशी जाहिरात शाळेच्या थांब्यावर नको. त्या मुलीबद्दल एकही वाईट शब्द नव्हता. तो कागद मुलाने वाचला, आणि एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं.

फलक चवथीनंतर उतरला. अर्जामुळे उतरला की सणाची मुदत संपली म्हणून, कुणी सांगितलं नाही. आता तिथे गाडीची जाहिरात आहे. माटोळी मुलाने आणि आजोबांनीच बांधली. मुलगा थांब्यावरून बस पकडतो. अजून घरात तो कमी बोलतो, पण जेवायला पानावर बसतो.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "आणि बाय? तिचे कुडते?"

त्या गप्प झाल्या. फलक गेला होता, कुडते अजून कपाटात तसेच होते. आत्याचं बोलणंही कुणी मागे घेतलं नव्हतं. मुलाची माफी मागून झाली होती, मुलीची मागायची राहिली होती.

"तिला काय सांगू, तेच सुचत नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तिलाच विचारू. पुढच्या गुरुवारी त्या तिला घेऊन येणार आहेत.