दुखतंय गुडघ्यात, गोळी जाते पोटात. तिला गुडघा सापडतो कसा?

सापडत नाही. मी औषधशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो. गोळी रक्तात उतरली की अंगभर फिरते, न दुखणाऱ्या कोपरातसुद्धा जाते. गुण मात्र गुडघ्यात दिसतो, कारण ती जे अडवते ते तिथेच जोरात चालू असतं.

सुजलेल्या जागी पेशी सायक्लोऑक्सिजनेज या एन्झाइमच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिन तयार करतात. प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. मग एरवी जाणवलाही नसता इतक्या दाबानेही जिना उतरताना कळ येते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या ते एन्झाइम अडवतात आणि टोकांचा हळवेपणा ओसरतो. मज्जातंतू बधिर होत नाही, म्हणून गोळी घेऊनही चिमटा लागतोच. दात काढताना देतात ते लिडोकेन मात्र मज्जातंतूतला सोडियमचा मार्गच बंद करतं. संदेश पुढे जातच नाही.

गंमत म्हणजे अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात होती आणि ती नेमकं काय करते हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ साली. त्यांना १९८२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

अंगभर फिरण्याचा त्रास पोटाला होतो. जठराचं अस्तर प्रोस्टाग्लँडिनच सांभाळतं. ‘काहीतरी खाऊन घ्या’ हा सल्ला ठीक आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रक्तातून आलेलं औषधही अस्तराचं संरक्षण कमी करतंच. एका गुडघ्यापुरतं दुखणं असेल तर डायक्लोफेनॅकचं जेल मला जास्त पटतं, कारण त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं.

पॅरासिटामॉलचं प्रकरण वेगळं. ते सुजेवर फारसं चालत नाही. त्याचा एक भाग मेंदूत एएम-४०४ नावाच्या पदार्थात बदलतो आणि वेदनेचे संदेश तिथे मंदावतात, असं बरीच वर्षं मानलं जातं. २०२५ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की हाच पदार्थ वेदनेच्या मज्जातंतूंतही तयार होतो आणि तिथले सोडियमचे मार्ग अडवतो. माणसात याचा वाटा किती, हे ठरायचं आहे.

मधुमेहात तळपायांची आग होते तेव्हा मुळात मज्जातंतूच बिघडलेला असतो. तिथे आयब्युप्रोफेनचा सहसा उपयोग होत नाही. डॉक्टर प्रीगॅबालिनसारखं वेगळ्याच जातीचं औषध देतात. तेव्हा दुखणं सुजेचं आहे की आग-मुंग्यांचं, हे त्यांना आधी सांगा.